एक-तृतीयांशाचा आकडा आला कुठून?



वक्तृत्व स्पर्धा असो की पंधरा ऑगस्टची भाषणे, एक वाक्य दरवर्षी ऐकू येतेच : "एके काळी जगाच्या उत्पन्नापैकी एक-तृतीयांश उत्पन्न एकट्या भारताचे होते." टाळ्या पडतात. यंदा पहिल्या रांगेतल्या एका मुलाने हळूच विचारले, "सर, पण तेव्हा मोजलं कोणी?" प्रश्न चोख होता. जागच्या जागी उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून हा लेख.

हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. अँगस मॅडिसन या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांनी जगाच्या दोन हजार वर्षांच्या अर्थव्यवस्थेचे कोष्टक तयार केले. ते २००१ साली पुस्तकरूपाने आले. त्यात जगाच्या उत्पन्नात भारताचा वाटा असा दिला आहे : इसवी सन १ मध्ये ३२.९ टक्के, १७०० मध्ये २४.४ टक्के, १८२० मध्ये १६ टक्के आणि १९५० मध्ये ४.२ टक्के. मॅडिसन २०१० साली वारले. त्यांचे काम हॉलंडमधील ग्रोनिंगेन विद्यापीठातील अभ्यासक आजही पुढे नेत आहेत.

आता वही-पेन्सिल घ्या. इसवी सन १ मध्ये भारताची लोकसंख्या मॅडिसन साडेसात कोटी धरतात आणि जगाची सुमारे २३ कोटी १० लाख. भारतातील दरडोई उत्पन्न ते वर्षाला ४५० डॉलर धरतात. हे डॉलर अर्थातच तेव्हाचे नव्हेत. १९९० सालच्या किमतींवर बेतलेले ते एक हिशेबाचे माप आहे. साडेसात कोटी गुणिले ४५० केले की भारताचे उत्पन्न निघते, त्याला जगाच्या उत्पन्नाने भागले की ३२.९ टक्के येतात. पण जरा थांबा आणि नुसती माणसे भागून पाहा. साडेसात भागिले २३.१ म्हणजे ३२.५ टक्के! दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखीच.

असे का झाले? कारण ४५० हा आकडा कुठल्या चोपडीत सापडलेला नाही. माणूस जेमतेम जगायचा तर ४०० डॉलर लागतील, आणि जिथे नगरे, दरबार, व्यापार आहे तिथे थोडे जास्त, असे मानून तो ठरवला आहे. चीनलाही तोच ४५०. तेव्हा "एक-तृतीयांश उत्पन्न भारताचे होते" याचा अर्थ बराचसा "जगातील एक-तृतीयांश माणसे येथे राहत होती" इतकाच होतो. ती किती सुखात होती, हे त्यावरून कळत नाही.

माणसांची संख्या तरी पक्की आहे का? आपल्या देशातील पहिली खानेसुमारी १८७२ ची आणि सर्वत्र एकाच वेळी झालेली पहिली १८८१ ची. त्याआधीचे सारे अंदाज. अबुल फझलच्या 'आईन-इ-अकबरी'त लागवडीची जमीन, महसूल, धान्याचे भाव, मजुरी असा भरपूर तपशील आहे. तरीही १६०० च्या सुमाराची लोकसंख्या मोरलंड यांनी १० कोटी काढली, तर शिरीन मूसवी यांनी सुमारे साडेचौदा कोटी. अकबराच्या दरबाराने इतके लिहून ठेवले असूनही फरक साडेचार कोटींचा! मग जिथे असे दप्तरच नव्हते, त्या प्रदेशांबद्दल काय बोलावे?

दुसरी अडचण मापाची. आपल्याकडे केस कापायला जे रुपये लागतात त्यांचे डॉलर करून न्यूयॉर्कला गेलात, तर कुणी खुर्चीवरही बसवणार नाही. म्हणून देशांची तुलना करताना त्या त्या ठिकाणी पैशात किती वस्तू येतात, हे पाहावे लागते. यालाच क्रयशक्ती म्हणतात. हे काम आजच्या काळातही किती नाजूक आहे, ते पाहा. २००५ सालच्या किमती अनेक देशांतून नव्याने गोळा केल्या गेल्या आणि २००७ च्या अखेरीस निकाल जाहीर झाले. चीन आणि भारत या दोन्ही अर्थव्यवस्थांचा आकार आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी लहान ठरला. एकही कारखाना बंद पडला नव्हता, एकही शेत ओसाड झाले नव्हते. बदलली होती ती फक्त मोजपट्टी.

जुन्या काळासाठी अभ्यासक मजुरी पाहतात. इंग्लंडच्या मजुराला चांदी कितीतरी जास्त मिळे. पण भारतात धान्य स्वस्त होते, त्यामुळे मजुरी धान्यात मोजली की अंतर बरेच कमी होते. अठराव्या शतकातील दक्षिण भारतातील विणकर इंग्लंडच्या कामगारापेक्षा कमी नव्हते, असे प्रसन्नन पार्थसारथी म्हणतात. ब्रॉडबेरी आणि बिष्णुप्रिया गुप्ता यांना ते मान्य नाही. वाद अजून मिटलेला नाही.

तिसरी अडचण चक्रवाढीची. बऱ्याचदा अलीकडचा आकडा घेऊन वाढीच्या दराने मागे मागे जावे लागते. समजा आज १००० आहे. शंभर वर्षे दरसाल १ टक्क्याने वाढ झाली असेल, तर आरंभी ३७० होते. दर दीड टक्का धरला, तर २२६. फरक अर्ध्या टक्क्याचा, पण एका उत्तरात माणसे कशीबशी जगतात आणि दुसऱ्यात उपाशी मरतात.

शिवाय सरहद्दी बदलतात. मॅडिसन यांच्या कोष्टकात १८२० चा 'भारत' म्हणजे अखंड हिंदुस्थान आणि १९५० चा म्हणजे फाळणीनंतरचा. १६ वरून ४.२ पर्यंतची घसरण सांगताना हे कुणी सांगत नाही. वस्तूही बदलतात. नेथन रॉथ्सचाइल्ड हा त्याच्या काळातील जगातील अतिश्रीमंतांपैकी एक. १८३६ साली तो एका गळवाच्या संसर्गाने मेला. आज असा संसर्ग औषधाने बहुधा बरा होतो. मग आपण त्याच्यापेक्षा श्रीमंत की गरीब?

मग हे सारे आकडे टाकून द्यावेत का? मुळीच नाही. आपल्या बडोद्याशी नाते असलेल्या एका थोर माणसाने ते वेगळ्या रीतीने वापरून दाखवले. दादाभाई नौरोजी १८७४ साली बडोद्याचे दिवाण झाले. पुढे १८७६ साली 'भारताचे दारिद्र्य' या विषयावरील निबंधात त्यांनी १८६७-६८ चे दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे २० रुपये काढले. पिकांचे उत्पादन आणि भाव घेऊन त्यांनी ते प्रांतवार मांडले. मग शेजारी दुसरा आकडा ठेवला : तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च. तो याहून जास्त निघाला! १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी ३० रुपयांचा अंदाज पुढे केला, तर विल्यम डिग्बी यांचा अंदाज त्याहून खूपच कमी होता. वाद चालू राहिला, पण दादाभाईंनी हिशेबाची रीत उघड ठेवली होती. कुणीही ती तपासू शकत होते.

त्याच रीतीने मॅडिसन यांचे कोष्टक पुन्हा वाचा. १७०० मध्ये भारतात जगातील सुमारे २७ टक्के माणसे होती आणि उत्पन्न २४.४ टक्के. म्हणजे सरासरी भारतीय तेव्हाही जगाच्या सरासरीच्या किंचित खालीच होता. १८२० ते १९५० या काळात भारताचे दरडोई उत्पन्न ५३३ वरून ६१९ झाले. एकशेतीस वर्षांत जेमतेम १६ टक्के वाढ! त्याच काळात पश्चिम युरोपचे उत्पन्न जवळजवळ चौपट झाले. अंदाजात बरीच चूक धरली, तरी एवढी मोठी दरी पुसली जात नाही. परकीय सत्तेखालील त्या काळाबद्दल बोलायचे, तर हा पुरावा 'एक-तृतीयांश'पेक्षा किती तरी भक्कम आहे.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या भाषणात आकडा जरूर सांगा. पण त्याच्यासोबत तीन गोष्टी सांगा : तो कोणी काढला, कशाला कशाने गुणून काढला आणि 'भारत' म्हणजे कोणता भारत. आणि पहिल्या रांगेतून पुन्हा कुणी "मोजलं कोणी?" असे विचारले, तर त्याच्यावर रागावू नका. दादाभाईंनीही सरकारला असेच प्रश्न विचारले होते.