लेसोथो : चहूबाजूंनी एकच शेजारी

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवर आहे. लेसोथोतली सर्वांत सखल जागा त्याहूनही वर, १४०० मीटरवर भरते. आख्खा देशच्या देश हजार मीटरच्या वर असलेला जगाच्या पाठीवर हा एवढाच. इथले थाबाना न्त्लेन्याना शिखर ३४८२ मीटर उंच आहे. जून-जुलैत डोंगरांवर बर्फ पडतो आणि आफ्रिकेत स्कीइंग करायची हौस असलेले लोक मालुती पर्वताची वाट धरतात.

क्षेत्रफळ ३०,३५५ चौरस किलोमीटर, लोकसंख्या तेवीस लाखांच्या आसपास, आणि चारी बाजूंना दक्षिण आफ्रिका. एकाच देशाने पुरते वेढलेले देश जगात तीनच. उरलेले दोन, व्हॅटिकन आणि सान मारिनो, इटलीच्या पोटात आहेत आणि भाविक-पर्यटकांच्या जिवावर सुखात आहेत. लेसोथोला जे विकायचे ते बहुधा शेजाऱ्यालाच, किंवा शेजाऱ्याच्या बंदरातून.

हा देश वेगळा राहिला तो मोश्वेश्वे नावाच्या राजामुळे. १८२४मध्ये त्याने थाबा बोसिउ या सपाट माथ्याच्या डोंगरावर ठाणे दिले. कडे तुटलेले, वर पाण्याचे झरे. तो डोंगर शत्रूला शेवटपर्यंत सर झाला नाही. युद्धे आणि दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या टोळ्यांना त्याने आसरा दिला. थाबा बोसिउला जाताना वाटेत त्याच्या आजोबांना नरभक्षकांनी मारून खाल्ले होते, अशी कथा सांगतात. लोक सूड मागत होते. राजा म्हणाला, ही माणसे म्हणजे माझ्या आजोबांची कबर, ती मी कशी उकरू? त्याने त्यांच्या पोटांवर कबरीचे शुद्धिविधी करवले आणि त्यांना जमीन देऊन वसवले.

डच वंशाच्या बोअर वसाहतवाल्यांशी मात्र असे जमले नाही. लढायांमध्ये कॅलेडन नदीपलीकडची सुपीक जमीन गेली. उरलेले वाचवायला मोश्वेश्वेने ब्रिटिशांचे संरक्षण मागितले, ते १२ मार्च १८६८ रोजी मिळाले. त्यामुळे पुढे दक्षिण आफ्रिकेत विलीन होणे टळले आणि ४ ऑक्टोबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला. राज्य राखले, शिवार गेले. आज जेमतेम दहावा हिस्सा जमीन पिकाखाली आहे.

मग विकायला उरली माणसे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस लेसोथोचे लाखाहून अधिक बासोथो पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत, मुख्यतः सोन्याच्या, राबत होते. घर बायकांनी चालवले, मुलगे लहानपणापासून गुरांमागे डोंगरात. म्हणून इथे साक्षरतेत बायका पुरुषांच्या पुढे आहेत. नव्वदीत खाणींतली कपात सुरू झाली आणि माणसे परतली. कुणी क्षयरोग घेऊन, कुणी एचआयव्ही. प्रौढांमधले एचआयव्हीचे प्रमाण आजही जगात सर्वाधिक असलेल्या देशांत लेसोथो मोडतो.

थंडीच्या या मुलखात ओळख सांगते ती घोंगडी. लोकरीची, जाड, खांद्यावर पिनेने अडकवलेली. तिच्यावरच्या पट्ट्या अंगावर उभ्याच यायला हव्यात, कारण उभी रेघ म्हणजे वाढ; मक्याच्या कणसाची नक्षी म्हणजे भरभराट. घोड्यावरून डोंगर चढणाऱ्या गुराख्यापासून राजघराण्यापर्यंत सगळे ती पांघरतात. गंमत अशी की ही राष्ट्रीय घोंगडी वर्षानुवर्षे दक्षिण आफ्रिकेतल्या गिरण्यांत विणली जाते.

पाण्याची गोष्ट याहून रंजक आहे. १९८६च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने लेसोथोची नाकेबंदी केली. तीन आठवड्यांत राजधानी मासेरूत लष्कराने सत्ता घेतली आणि त्याच ऑक्टोबरात पाण्याचा करार झाला. योगायोग म्हणायला जीभ रेटत नाही! करारानुसार १८५ मीटर उंचीचे कात्से धरण बांधले गेले. तिथून सुमारे ८२ किलोमीटरच्या बोगद्यांतून पाणी उताराने वाहत सीमेपलीकडे जाते. १९९८पासून जोहान्सबर्गच्या परिसराची तहान त्यावर भागते. लेसोथोला रॉयल्टी मिळते, वाटेत ७२ मेगावॉट वीजही बनते. त्याच १९९८च्या सप्टेंबरात निवडणुकीनंतरचा गोंधळ शमवायला दक्षिण आफ्रिकेचे सैन्य आत शिरले, तेव्हा राजधानीबरोबर कात्सेवरही चढाई झाली आणि तिथले लेसोथोचे सैनिक मारले गेले. डोंगरातल्या कित्येक वाड्यांवरच्या बायका मात्र अजून झऱ्यावरून डोक्यावर पाणी आणतात. ‘धरण उशाला अन् कोरड घशाला’ ही आपली म्हण त्यांना समजावून सांगावी लागणार नाही.

हिरेही आहेत. तीन हजार मीटरच्या वर असलेल्या लेत्सेंग खाणीत २०१८मध्ये ९१० कॅरटचा हिरा सापडला आणि चार कोटी डॉलरना विकला गेला. पण खाणीला माणसे थोडी लागतात. खरा रोजगार शिलाईत. २०००च्या अमेरिकी कायद्याने आफ्रिकेतल्या कपड्यांना जकात माफ झाली, तेव्हा मासेरू आणि मापुत्सोएतले तैवानी कारखाने वाढले. जीन्स शिवणाऱ्या हजारो कामगारांत बहुतेक बायकाच.

२०२५च्या मार्चमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकी काँग्रेससमोर हा कुणी ऐकलेलाही नसलेला देश म्हणून त्याची खिल्ली उडवली. महिनाभरात त्याच देशावर ५० टक्के आयातशुल्क जाहीर झाले. कारण? लेसोथो अमेरिकेला जीन्स आणि हिरे विकतो, उलट तिथून घेतो फारच थोडे. ते घ्यायला पैसा आहेच कुठे! शुल्क ऑगस्टमध्ये १५ टक्क्यांवर आले, पण तोवर ऑर्डरी अडकल्या, कामगार घरी बसले. जुलैत सरकारने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली, आणि तिच्या कारणांत तरुणांची बेकारी होती. दरम्यान पोलिहालीला आणखी एक मोठे धरण उभे राहते आहे. त्याचे पाणी आधी कात्सेत आणि तिथून जुन्याच बोगद्यांनी सीमेपलीकडे जाणार आहे.