झोपेत डोंबिवली कशी कळते?

संध्याकाळच्या कल्याण फास्टमध्ये खिडकीशी बसलेला माणूस दादर यायच्या आतच मान टाकतो. घाटकोपरला लोंढा आत घुसतो, चौथ्या सीटवरच्याची सरकासरकी चालू असते, मोबाइलवर कोणाचं तरी भजन वाजत असतं. याला पत्ता नाही. पण दिवा मागे पडलं की तो डोळे उघडतो, बॅग खांद्याला लावतो आणि दाराकडे सरकतो. डोंबिवली आलेली असते, आणि कोणी हाकही मारलेली नसते.

रोजच्या प्रवाशांना याचं नवल वाटत नाही, पण वाटायला हवं. डब्यात ‘पुढील स्टेशन’ची घोषणा तीन भाषांत होते हे खरं, पण ती प्रत्येक स्टेशनाआधी होते आणि बाकीच्या वेळी हा गृहस्थ हलत नाही. घोषणेबरोबर ठाण्याचा थांबा असतो, खाडीपुलावर पालटलेला चाकांचा आवाज असतो, उतरणाऱ्यांची चुळबूळ असते, शरीरातल्या घड्याळाचा अंदाज असतो. अनेक वर्षं जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. 1916 साली खुला झालेला तो सुमारे 1.3 किलोमीटरचा बोगदा कानांना चुकवणं अवघडच होतं. मग या सगळ्या खुणांची जुळणी झोपेत कोण करतं? जाणिवेच्या अपरोक्ष मन माहिती जोडू शकतं का?

पॅरिसमध्ये सिद कुईदेर आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये जवळजवळ हाच प्रश्न प्रयोगशाळेत नेला. अंधाऱ्या खोलीत आरामखुर्चीवर रेललेल्या लोकांना शब्द ऐकवले. शब्द प्राण्याचा असेल तर एका हाताने कळ दाबायची, वस्तूचा असेल तर दुसऱ्याने. थोड्या वेळाने झोप लागली, हात थांबले, पण शब्द चालूच ठेवले, तेही नवे. मेंदूतल्या विद्युत लहरी पाहिल्या तर झोपेतही योग्य हाताची तयारी सुरू होत होती! उठल्यावर त्या शब्दांपैकी काही आठवत नव्हतं. म्हणजे झोपेत अर्थ लागला होता, आणि अर्थावरून कृतीची दिशाही ठरली होती.

इतकं वाचून कोणीही म्हणेल की झोपलेल्या मेंदूला सगळं कळतं. थांबा. 2017 मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी ठरावीक ठेक्यात अक्षरं ऐकवली. त्या अक्षरांचे शब्द आणि शब्दांची वाक्यं होत होती. जागा मेंदू अक्षरांचा ठेका पकडत होता, शब्दांचा आणि वाक्यांचाही. झोपलेल्या मेंदूत अक्षरांचा ठेका तेवढा उरला, वरची सगळी बांधणी नाहीशी झाली. एकटा, ओळखीचा शब्द झोपेत पोचतो. तुकडे जोडून नवं काही उभं करणं मात्र बहुधा जमत नाही.

डोळ्यांच्या बाबतीतही असंच झालं. 2011 मध्ये लियाद मुद्रिक यांच्या गटाने एका डोळ्यापुढे भडक नक्ष्या झरझर बदलत ठेवून दुसऱ्या डोळ्यापुढचं चित्र जाणिवेआड केलं. विसंगत चित्रं, जसं ओव्हनमध्ये ठेवला जाणारा बुद्धिबळाचा पट, सुसंगत चित्रांपेक्षा लवकर जाणिवेत उतरली. न दिसलेल्या चित्रातली विसंगती मनाने ओळखली, असा निष्कर्ष निघाला आणि गाजला. मात्र 2016 मध्ये दुसऱ्या गटाला तो परिणाम सापडला नाही. पुढे 2018 मध्ये मुद्रिक यांनीच एका सहकाऱ्याबरोबर, वेगळ्या पद्धतीने आणि पाहणाऱ्याला खरंच काही दिसलं नाही ना याची कसून तपासणी करत, प्रयोग केले. जाणिवेशिवाय जुळणी होते याला त्यांत आधार मिळाला नाही. स्वतःचाच गाजलेला दावा ज्या मुद्द्यावर उभा तोच असा तपासायला हिंमत लागते. मला ते प्रयोगाहून मोठं वाटतं.

हीच तपासणी आपल्या खिडकीतल्या माणसाला लावायला हवी. बसल्या बसल्या लागलेली झोप हलकी असते. मध्येच क्षणभर आलेली जाग बहुधा स्मरणात राहत नाही. तेव्हा तो ठाण्याला अर्धा डोळा उघडून पुन्हा पेंगला असेल, आणि नंतर शपथेवर सांगेल की आपण झोपलेलोच होतो. शिवाय बरोबर उठलेल्यांच्या गोष्टी डब्यात रंगवून सांगितल्या जातात. बदलापूरला डोळे उघडलेला माणूस गुपचूप परतीची गाडी धरतो.

तरीही काहीतरी उरतंच. 2014 च्याच आणखी एका प्रयोगात, जाणवणार नाही इतक्या अस्पष्टपणे दाखवलेला अंक आणि तितक्याच अस्पष्टपणे ऐकवलेला अंक एकमेकांशी जुळतो का, हे मेंदूने टिपलं. अट एकच होती: ते काम आधी जाणीवपूर्वक करून झालेलं असायला हवं. माझ्या मते डोंबिवलीकराचं कोडं इथेच बरंचसं सुटतं. त्याने ती जुळणी वर्षानुवर्षं जागेपणी केलेली आहे; झोपेत फक्त ती वापरली जाते.

म्हणून नुकतंच डोंबिवलीत घर घेतलेल्यांना एक विनंती. शेजारचा बिनधास्त घोरतो म्हणून तुम्ही घोरू नका. पहिले काही महिने गजर लावा, आणि गाडी कसाऱ्याची किंवा कर्जतची असेल तर नक्कीच.