नकाशावरचा फिकट रंग

होसकोट्यात पहाटे चार-साडेचारला बिर्याणीसाठी रांग लागते. शनिवार-रविवारी तर बंगळूरुहून मोटारी भरभरून माणसे येतात आणि उजाडायच्या आत पातेली रिकामी होतात. याच गावात, त्या रांगेपासून दोन गल्ल्यांच्या अंतरावर, नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा, ज्याला इथे ‘मुद्दे’ म्हणतात, सारात बुडवून खाणारी माझ्या वयाची माणसे अजून आहेत. सेवानिवृत्तीनंतर मी येथे स्थायिक झालो, तेव्हा या दोन आहारांतील अंतर हा माझ्यासाठी केवळ कुतूहलाचा विषय होता. माझे शेजारी आजारी पडले आणि तो तसा राहिला नाही.

हे शेजारी निवृत्त शिक्षक. सारी गल्ली त्यांना ‘मेष्ट्रु’ म्हणते, म्हणजे मास्तर. शौचावाटे रक्त जाते, ही गोष्ट त्यांनी घरात कित्येक आठवडे कोणाला सांगितली नाही. सांगितल्यावर ती मूळव्याध ठरली. आधी दुकानातले मलम, मग एका वैदूचे औषध, मग एका खासगी दवाखान्यात हात न लावता लिहून दिलेल्या गोळ्या, यांत नऊ महिने गेले. अखेर बंगळूरुच्या एका रुग्णालयात तपासणी झाली आणि गुदाशयाचा कर्करोग निघाला. मी त्यांच्याबरोबर होतो. नोंदणीच्या खिडकीवर पत्ता विचारला, तेव्हा त्यांनी कृष्णराजपुरम येथील आपल्या मुलीचा पत्ता दिला. पत्रे तिथे लवकर पोचतात, एवढाच त्यांचा हेतू होता. मी सवयीने तो कागद पुन्हा वाचला आणि माझ्या लक्षात आले, की होसकोट्यातील एक रोगी त्या क्षणी कागदावरून नाहीसा झाला.

मोठे आतडे आणि गुदाशय यांच्या कर्करोगाविषयी आपल्याकडे एक समाधानकारक वाक्य वारंवार उच्चारले जाते: हा पाश्चात्त्यांचा रोग आहे. आकडे वरकरणी त्याला दुजोरा देतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजांनुसार या रोगाचे जागतिक प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे अठरा आहे. डेन्मार्क, नॉर्वे यांसारख्या देशांत ते चाळीसच्या पुढे जाते, तर भारतात पाचच्या आसपास राहते. देशाच्या आतही फरक आहेतच. तिरुवनंतपुरम किंवा बंगळूरु येथील नोंदण्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे जे प्रमाण दिसते, ते बार्शीच्या ग्रामीण नोंदणीतील प्रमाणाच्या कितीतरी पट आहे. प्रश्न असा, की हा फरक माणसांच्या शरीरांतला आहे की आपल्या दप्तरांतला?

इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच एक धडा मिळतो: दप्तरात नाही म्हणजे घडले नाही, असे नसते. ज्या मुलखात कारकून पोचला नाही, तो मुलूख कागदावर शांत दिसतो. १९९१ च्या जनगणनेच्या वेळी एका दुर्गम तालुक्याची जबाबदारी माझ्याकडे होती. ज्या पाड्यांवर प्रगणक उशिरा पोचले, तिथली लोकसंख्या पहिल्या तक्त्यात ‘घटलेली’ दिसत होती. रोगांच्या नकाशांचेही तसेच असते. म्हणून एखाद्या जिल्ह्याचा रंग नकाशावर फिकट दिसला, की तिथे कोणी मोजले आणि कसे मोजले, हे आधी विचारले पाहिजे.

भारतात ही मोजणी सुरू झाली ती मुंबईत. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीच्या वतीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी तेथे उभी राहिली. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला आणि १९८२ पासून बंगळूरु, मुंबई व मद्रास या तीन शहरांच्या नोंदी एका पद्धतीने होऊ लागल्या. बंगळूरुची नोंदणी किदवई कर्करोग संस्थेत चालते. या साऱ्या कार्यक्रमाचे संकलन आज जेथे होते, ते परिषदेचे राष्ट्रीय रोगमाहिती व संशोधन केंद्र देवनहळ्ळी परिसरात, म्हणजे माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे.

अशा नोंदणीत दोन आकडे लागतात. अंश म्हणजे रोगी, छेद म्हणजे लोकसंख्या. रोग्याची गणना त्या क्षेत्राचा रहिवासी म्हणून करायची, तर तो तिथे किमान एक वर्ष राहत असला पाहिजे. नियम योग्य आहे. तो नसता तर देशभरातून उपचाराला येणाऱ्यांमुळे मुंबईसारख्या शहरांचे दर फुगले असते. मात्र याच नियमाची दुसरी बाजू होसकोट्यासारख्या गावांच्या वाट्याला येते. सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूरु आणि होसकोटे एकाच कागदावर होते. आज होसकोटे, दीर्घकाळ बंगळूरु ग्रामीण म्हणून ओळखल्या गेलेल्या जिल्ह्यात असल्याने, शहराच्या नोंदणीक्षेत्राबाहेर पडते. येथील रोगी उपचार शहरात घेतो. त्याने खरा पत्ता दिला तर तो शहराच्या दरात धरला जात नाही, आणि नातेवाइकाचा दिला तर चुकीच्या जागी धरला जाण्याचा संभव असतो. कोणत्याही प्रकारे होसकोट्याचा स्वतःचा दर तयार होत नाही. देशातील लोकसंख्याधारित नोंदण्यांच्या कक्षेत एकूण लोकसंख्येचा जेमतेम दशांश येतो, हे लक्षात घेतले तर होसकोटे हा अपवाद नाही, हे कळते.

छेदाची अवस्था याहून नाजूक आहे. शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झाली नाही आणि आता पुढची २०२७ ची आहे. चेन्नईकडे जाणारा द्रुतगती मार्ग जेथून सुरू होतो, अशा या गावाची लोकसंख्या दीड दशकात किती वाढली, ते अंदाजानेच ठरवावे लागते. त्यात वयाचा प्रश्न मिसळतो. हा रोग मुख्यतः उतारवयाचा. वृद्ध केरळची तरुण बिहारशी तुलना सरळ दरांनी केली, तर केरळ अधिक रोगट दिसेल. म्हणून जपानी संशोधक सेगी यांनी १९६० मध्ये मांडलेली आणि डॉल व सहकाऱ्यांनी पुढे सुधारलेली प्रमाणित लोकसंख्या घेऊन दर वयानुरूप समायोजित करतात. वयोगटांचे आकडेच जुने असतील, तर ते समायोजनही डळमळीत पायावर उभे राहते.

तेव्हा सारा फरक कागदाचाच, असे म्हणावे काय? नाही. या ठिकाणी मराठी वाचकांना परिचित असलेले एक गाव आपल्याला सावध करते. बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत होती. तिथे शहरातल्याप्रमाणे रुग्णालयांच्या नोंदवह्या चाळून भागणारे नव्हते, कारण बहुसंख्य रोगी रुग्णालयापर्यंत पोचतच नसत. म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरले, जाणत्या माणसांना भेटले, लक्षणांविषयी बोलले आणि संशयित रोग्यांना तपासणीसाठी घेऊन आले. एवढा शोध घेऊनही आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या तुलनेत कमीच राहिले. २०१२ ते २०१६ या काळाच्या राष्ट्रीय अहवालात उस्मानाबाद आणि बीड या जिल्ह्यांतील सर्व कर्करोगांचा एकत्रित दर देशात सर्वांत कमी, म्हणजे लाखामागे पुरुषांत ३९.५ आणि स्त्रियांत ४९.४ होता. त्याच अहवालात आयझॉलमधील पुरुषांचा दर २६९.४ होता. निदानाच्या सोयींतील तफावत त्यात असेलच, पण इतकी मोठी दरी केवळ मोजणीतून निर्माण होत नाही.

फरक खरा आहे आणि तो वंशापेक्षा जगण्यात अधिक आहे, याचे पुरावे जुने आहेत. हेन्झेल आणि कुरिहारा यांनी १९६८ साली अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या जपान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मायदेशी कमी असलेले आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण त्यांच्यात यजमान देशाच्या पातळीकडे सरकताना दिसले. आपल्याकडे पश्चिम रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभर पसरलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचा या दृष्टीने विचार केला आणि १९६७ साली पचनमार्गाच्या कर्करोगांच्या भारतातील भौगोलिक वाटणीवर निबंध लिहिला. रेल्वे ही एकच मालक असलेली आणि प्रत्येक प्रांतात राहणारी लोकसंख्या आहे, हे एका सरकारी डॉक्टरने ओळखले, याचे मला माजी अधिकारी म्हणून विशेष वाटते. आज लठ्ठपणा, बैठे जीवन, मद्य, तंबाखू, तंतुमय अन्नाची कमतरता ही कारणे सर्वमान्य आहेत. २०१५ साली आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रक्रिया केलेले मांस निश्चित कर्करोगकारकांत आणि तांबडे मांस संभाव्य कारकांत धरले. होसकोट्याच्या बिर्याणीवर याचे खापर फोडण्याचा माझा मुळीच हेतू नाही. आठवड्यातून एकदा रांगेत उभा राहणारा माणूस चिंतेचा विषय नाही. नाचणी आणि शेतातली मेहनत दोन्ही एकाच पिढीत सुटणे, हा मात्र आहे.

येथेच धोरणाचा खरा पेच आहे. दर कमी आहे, म्हणून २०१६ पासूनच्या राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग घेतले गेले आणि आतड्याचा घेतला नाही. माझ्या मते तो निर्णय चुकीचा नव्हता. जिथे रोग विरळ आहे, तिथे लाखो निरोगी माणसांची दुर्बिणीने तपासणी करणे म्हणजे दुर्मीळ वैद्यकीय मनुष्यबळ वाया घालवणे होय. पण कमी दर म्हणजे दुर्लक्षाचा परवाना नव्हे. टाटा स्मारक रुग्णालयातील ८०० रुग्णांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सरासरी वय सुमारे ४७ होते. हा आकडा जपून वाचला पाहिजे. देशच तरुण असल्याने रुग्णालयातील रोगीही तरुण दिसतात, आणि दूरचा प्रवास तरुणांनाच झेपतो. तरीही चाळिशी-पन्नाशीतील रक्तस्राव म्हणजे मूळव्याधच, हे गृहीत धरणे किती महाग पडते, हे सांगायला तो पुरेसा आहे.

म्हणून तीन गोष्टी मला आवश्यक वाटतात. पहिली, प्राथमिक आरोग्य केंद्रात सहा आठवड्यांहून अधिक काळ रक्त जाणाऱ्या किंवा शौचाची सवय बदललेल्या प्रौढाची बोटाने गुदतपासणी झालीच पाहिजे. तिला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, फक्त दोन्ही बाजूंचा संकोच सोडावा लागतो. दुसरी, कर्करोग हा सक्तीने कळवण्याचा रोग ठरवावा. कर्नाटकासह काही राज्यांनी तशी अधिसूचना काढली आहे आणि संसदीय स्थायी समितीने २०२२ साली देशपातळीवर तशी शिफारस केली आहे. २०२० साली नोंद झालेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्क्यांत मृत्यूचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. अशा देशात मृत्यूच्या दाखल्यावरून रोग शोधता येत नाही, तो निदानाच्या जागीच टिपावा लागतो. तिसरी, वाढत्या शहरांभोवतीच्या तालुक्यांना नोंदणीच्या कक्षेत घ्यावे. आहार आणि श्रम जिथे सर्वांत वेगाने बदलत आहेत, त्याच पट्ट्याकडे आपला नकाशा आज कोरा आहे.

नोंदणीवरचा खर्च उपचारातून वजा होतो, असा आक्षेप मी अनेक बैठकांत ऐकला आहे. बार्शीचा अनुभव त्याचे उत्तर आहे. मोजणीसाठी गावोगाव फिरणाऱ्या माणसांनी लक्षणांविषयी बोलणे सुरू केले आणि काही वर्षांत त्या भागातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया आधीच्या तुलनेत लवकरच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागल्या. हे निष्कर्ष १९९५ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहेत. तिथे मोजणी हीच उपचाराची पहिली पायरी ठरली.

मेष्ट्रुंची शस्त्रक्रिया झाली. पोटाला लावलेल्या पिशवीची त्यांना आता सवय झाली आहे आणि सकाळी ते माझ्याबरोबर तळ्यापर्यंत चालतात. नऊ महिने आधी निदान झाले असते तर ती पिशवी कदाचित टळली असती, हे आम्ही दोघेही जाणतो आणि बोलत नाही. मागच्या महिन्यात पुढील तपासणीसाठी आम्ही पुन्हा त्याच खिडकीपाशी उभे होतो. पत्ता विचारल्यावर त्यांनी या वेळी होसकोट्याचा सांगितला, आणि तालुका व जिल्हा नीट लिहिला आहे की नाही, हे चष्मा लावून स्वतः वाचून पाहिले.