संततिनियमनाची पट्टी
त्वचेवर चिकटवावयाची ही पट्टी अमेरिकेंत २००१ सालीं मान्य झाली. आठवड्यास एक, अशा तीन लावून चौथा आठवडा मोकळा सोडावयाचा. संप्रेरकें त्वचेंतून रक्तांत उतरतात. तत्पूर्वीं तीन परीक्षणांत मिळून ३,३१९ स्त्रियांनीं ती अंगावर वागविली. पैकीं १५ जणींस गर्भ राहिला; त्यांतील ५ जणींचें वजन ९० किलो वा अधिक होतें, आणि समग्र समुदायांत अशा स्त्रिया शेंकडा तीनांहूनही कमी! परीक्षण सोडून जाण्याची मुभा सहभागी स्त्रीस सदैव असते. राहिलेल्या गर्भास ती मुभा कोठली? अशा स्त्रियांस आरंभींच वगळलें असतें, तर आंकडे अधिक सुरेख दिसले असते खरे. परंतु स्थूल स्त्रियांस पट्टी कमी लागू पडण्याचा संभव आहे, ही सूचना मग पट्टीच्या माहितीपत्रकांत आली नसती.