वेढा, आकडा, गाठ

आजीच्या मांडीवर बाळ, समोर पाटावर सोनार आणि बाळाची आई आतल्या खोलीत, कारण तिला बघवत नाही. सोनाराच्या हातात सुई नसते. सोन्याचीच बारीक तार असते, एक टोक कानशीवर घासून अणकुचीदार केलेलं. पाळीवर कुंकवाचा ठिपका देऊन तो क्षणभर कान चोळतो. मग त्या ठिपक्यातून तार आरपार जाते, तिथेच वळते, तिचं कडं होतं आणि टोकाला टोक अडकवून चिमट्यानं दाबलं जातं. बाळ टाहो फोडेपर्यंत एक कान झालेला असतो. सोनारानंच कान टोचावेत ही म्हण आपण भलत्याच प्रसंगी वापरतो, पण मुळात ती या सफाईची तारीफ आहे.

मराठी माणसाच्या अंगावर चढणारा पहिला दागिना हा असा. त्याला डाख नाही. असणार कसा? जिवंत कानाच्या पाळीवर फुंकणी कोण लावील!

डाख म्हणजे धातूचे दोन तुकडे जोडण्यासाठी मध्ये वितळवलेला तिसरा धातू. कुणी त्याला टाका म्हणतं, कुणी नुसतं झाळणं. त्याची एकच अट असते, की तो जोडायच्या धातूच्या आधी वितळला पाहिजे. शुद्ध सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, चांदी ९६२ला. म्हणजे सोन्याचा डाख करायचा तर सोन्यात काहीतरी मिसळून त्याचा वितळबिंदू खाली आणावा लागतो, आणि जे मिसळाल ते सोनं नसतं. दागिन्यात जितके जोड, तितकं हीण. जुनी पाटली मोडीत घालायला गेल्यावर सोनार ‘घट धरावी लागेल’ म्हणतो तेव्हा त्यात झीज असते, मळ असतो आणि हा डाखही असतो. आमच्या घरातले एक जोड तोडे एका पेढीवर असे मोडले गेले तेव्हा घट ऐकून आईचा चेहरा उतरला होता. सोनार लबाड नव्हता, तोड्यांना जोडच फार होते.

यावर तोडगा म्हणून ‘केडीएम’ आलं. सराफाच्या पाट्यांवर ही तीन अक्षरं वर्षानुवर्षं शुद्धतेची हमी असल्यासारखी मिरवली. ती आली कॅडमियम या धातूच्या नावावरून. साधारण ९२ भाग सोन्यात ८ भाग कॅडमियम घातलं की डाखाचा कस दागिन्याच्या कसाइतकाच राहतो आणि तो लवकर वाहतोही. पण कॅडमियम ३२१ अंशांना वितळतं आणि ७६७ला उकळतं. फुंकणीच्या ज्योतीत त्याची वाफ होते, आणि ती वाफ कारागिराच्या फुप्फुसात आणि मूत्रपिंडात उतरते. गिऱ्हाइकाला कस मिळाला, त्याची किंमत फुंकणी फुंकणाऱ्यानं मोजली. २००० साली सोन्यासाठी हॉलमार्क आला, जून २०२१पासून तो टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला, तशी केडीएमची पाटी उतरत गेली.

डाखाविना दागिना म्हटलं की आज डोळ्यांसमोर तांब्याच्या तारेत गुंफलेले स्फटिक आणि हौशी कार्यशाळा येतात. पण आपल्याकडचं या कामाचं अस्सल उदाहरण नाकातच आहे.

नथीला आगीची मनाईच आहे, आणि त्याचं कारण मोती. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे पापुद्रे, आणि त्यांना धरून ठेवणारा शिंपल्याचा सेंद्रिय चिकटा. ज्योत जवळ आली की चिकटा करपतो, पापुद्रे सुटतात, तेज जातं ते कायमचं. सोन्याचा डाख वाहायला सात-आठशे अंश लागतात. तेव्हा मोत्याचं जे काही करायचं ते थंडपणीच. बसरा मोत्यांच्या बाबतीत आणखी एक पेच होता. इराणच्या आखातातले हे मोती मुंबईला येत, इथे त्यांची प्रतवारी होई, भोकं पाडली जात आणि सौदे होत. मुंबईच्या मोतीबाजारात भाव ‘चव’ या मापानं ठरे. त्यात वजनाचा हिशेब असा असे की तेवढ्याच वजनाच्या अनेक लहान मोत्यांपेक्षा एका मोठ्या मोत्याची चव कितीतरी पटींनी जास्त भरे. जिथे कणाकणाला पैसा आहे तिथे रुंद भोक पाडून वजन कोण घालवील? भोक केसाएवढं, म्हणून तारही जवळपास केसाएवढीच. जपानच्या संवर्धित मोत्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसेक वर्षांत आखाताचा धंदा बसवला, पण तोवर नथीची घडण ठरून गेली होती.

ती घडण जवळून बघावी. आधी जाड तार, साधारण मिलिमीटरभर. जंतराच्या एकाहून एक लहान भोकांतून ओढत ती या जाडीला आणतात. तिला कोयरीसारखा बाक देतात आणि एका टोकाला नाकात अडकवायचा आकडा वळतात. हा झाला कणा. मग बारीक तार. ती कण्याला दोनतीन वेढे घेऊन पक्की होते, वर येते, मोत्यातून जाते, मोती कण्यावर टेकतो, तार खाली उतरून कण्याला पुन्हा वेढा घेते आणि पुढच्या मोत्यासाठी वर येते. मध्ये लाल खडा, बाजूला हिरवा. प्रत्येक वेढ्यानंतर कारागीर तार ताणतो. किती ताणायची हे बोटांना माहीत असतं. कमी ताणली तर मोती खुळखुळतो, जास्त ताणली तर तार भोकाच्या काठावर कापली जाते. शेवटचं टोक एका मोत्याखाली दडवतात. नथ उलटी करून भिंगाखाली धरली की वेढ्यांची रांग दिसते, आणि हात जुना असेल तर सगळे वेढे एकाच दिशेला झुकलेले असतात.

नुसत्या वेढ्यांवर एवढं सगळं टिकतं कसं? कोळी होडीचा दोर खुंट्याला दोनतीनदा गुंडाळतो आणि टोक एका हातात धरून उभा राहतो. होडी हिसके देते, दोर सरकत नाही. घर्षण वेढ्यांनुसार बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतं. घर्षणगुणांक ०.२ धरला तर एक पूर्ण वेढा धरण्याची ताकद साडेतीनपट करतो, आणि तीन वेढे सुमारे त्रेचाळीसपट. नथीतल्या तारेचं गणित हेच. शिवाय सोनं वाकवलं की ताठर होतं. हेअरपिन चारदा उलटसुलट वाकवली की ती आधी अडते आणि मग तुटते. धातूच्या आतल्या कणांच्या थरांचं सरकणं एकमेकांत गुंतून अडत जातं, त्याचा हा परिणाम. कारागिराला यातलं अडणं हवं असतं आणि तुटणं नको असतं. म्हणून तार मोती ओवण्याआधीच तापवून मऊ करून घेतात आणि मग प्रत्येक बाक एकदाच देतात. दिलेला बाक उलगडून पुन्हा दिला की ती जागा कच्ची झालीच. नाकापेक्षा मोती जड होऊ नये याची काळजीही याच तारेला करावी लागते.

ही नथ वेदकाळापासूनची असं छातीठोक सांगणारे भेटतात. त्यांनी एकदा अजिंठ्याला जाऊन यावं. तिथल्या स्त्रिया गळ्यात, दंडात, कमरेला, केसांत दागिन्यांनी मढलेल्या आहेत. नाकं मात्र मोकळी. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस नथीच्या प्राचीनतेवर निबंध लिहून हाच प्रश्न हाताळला, आणि अ. स. आळतेकरांनीही त्याच सुमारास प्राचीन शिल्पांत नाकातला दागिना नाही हे दाखवून दिलं. नथ आली उशिरा, पण आल्यावर तिनं बस्तान असं बसवलं की तिच्याशिवाय मराठी लग्नाचा फोटो अपुरा वाटतो.

बाकीच्या दागिन्यांत डाख आहे, पण त्याचीही वेळ ठरलेली. कोल्हापुरी साजाची पानं किंवा बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे, आतून पोकळ. ते चेपू नयेत म्हणून आत लाख भरतात. पाणी उकळतं त्याहून कमी तापमानालाच लाख मऊ पडते, म्हणजे एकदा ती भरली की त्या मण्याला पुन्हा ज्योत दाखवायची सोय नाही. आगीचं सगळं आधी, मग लाख, मग गाठवणं. मंगळसूत्र गाठवून घेणं, ठुशी गाठवून घेणं हा वेगळाच हुन्नर, आणि पटवेकरी हे आडनाव त्याच्याच शेजारचं. काळे मणी तारेत हवे असतील तर प्रत्येक मण्याच्या दोन्ही बाजूंना तारेचा डोळा वळायचा, डोळ्यात पुढचा डोळा अडकवायचा आणि उरलेली तार मानेशी दोनदा गुंडाळायची. शंभर मणी, दोनशे डोळे. वेढणी ही अंगठी तर नावापासूनच वेढ्यांची. बाळाच्या वाळ्यातही अशी युक्ती असते: चांदीच्या तारेची टोकं एकमेकांवर गुंडाळलेली, ओढली की सरकतात, मनगट भरलं की वाळा मोठा करायचा. डाख मारला असता तर वर्षाला नवा घ्यावा लागला असता.

थंडपणी जोडायची याहून टोकाची रीत कुंदनाची. इथे तार नाही, वेढाही नाही. सोनं इतकं शुद्ध आणि वर्ख इतका मऊ, की खड्याभोवती थर दाबत गेलं की थराला थर चिकटून एकजीव होतो, खोलीच्या तापमानाला. सोन्याला गंज चढत नाही, त्यामुळे दोन स्वच्छ पृष्ठभागांमध्ये आडवं यायला काही नसतं. दाबाखाली अणू एकमेकांना धरतात. अबुल फजलनं सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-ए-अकबरी’त या कामाची दखल घेतली, ती हिंदुस्थानी कारागिरांची खासियत म्हणूनच. आपलं ‘कोंदण’ हे याच घराण्यातलं.

डाख दिसू न देणारे हात परदेशातही होते. इटलीतल्या एट्रुस्कन सोनारांनी अडीच हजार वर्षांहून आधी सोन्याच्या पत्र्यावर धुळीएवढे सोन्याचे गोळे बसवले, आणि मध्ये डाखाचा थेंबही दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात रोमच्या कास्तेलानी घराण्यानं हे कोडं सोडवण्यात उमर घालवली. १९३०च्या दशकात लिटलडेल या इंग्रज गृहस्थानं उत्तर दिलं: तांब्याचा क्षार आणि सरस. सरस जळून कोळसा होतो, कोळसा क्षारातून तांबं मोकळं करतो आणि ते तांबं गोळ्याच्या टेकल्या जागी सोन्यात विरघळून जोड होतो. म्हणजे डाख आहेच, फक्त जागेवर जन्मतो. मला ही चलाखी आवडते, पण मन रमतं ते अलेक्झांडर काल्डरच्या कामात.

काल्डर (१८९८–१९७६) ओळखला जातो हवेवर डोलणाऱ्या शिल्पांसाठी. पण लहानपणी रस्त्यात पडलेली तांब्याची तार गोळा करून त्यानं बहिणीच्या बाहुल्यांसाठी दागिने केले होते, आणि ते वेड आयुष्यभर राहिलं. सुमारे १८०० दागिने त्यानं हातानं घडवले, पितळेचे, चांदीचे, क्वचित सोन्याचे. तार ठोकून चपटी करायची, चक्राकार वळायची आणि जोड वेढ्यानं, कडीनं किंवा रिव्हेटनं द्यायचा. फुंकणीकडे तो क्वचितच वळे. म्हणून त्याच्या हारात जोड लपत नाही, तोच नक्षी होतो. पेगी गुगेनहाइमनं १९४२ साली न्यूयॉर्कच्या आपल्या कलादालनाच्या उद्घाटनाला एका कानात त्याचं लोंबतं कर्णभूषण घातलं होतं. चित्रकार जॉर्जिया ओकीफ तिच्या आद्याक्षरांचं त्याचं पितळी पदक वर्षानुवर्षं लावत असे, आणि केस पांढरे झाल्यावर पितळ शोभेना, तेव्हा तिनं भारतातल्या कारागिराकडून तेच चांदीत करून घेतलं. काल्डर स्वतः जानेवारी १९५५मध्ये गिरा साराभाईंच्या निमंत्रणावरून अहमदाबादला आला आणि तिथेच राहून त्यानं काही शिल्पं घडवली. आपल्याकडची नथ त्यानं हातात घेऊन उलटी करून बघितली असती तर मागच्या वेढ्यांना त्यानं नक्की दाद दिली असती.

‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) आल्यावर नथीची जी लाट उठली, तिनं हे काम सोनाराच्या पेढीतून स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणलं. सोन्याचं पाणी दिलेली तांब्याची तार, कण्याला २० गेजची, ओवायला २८ची, काचेचे मोती आणि दोन पकडी. दुपारच्या तीन तासांत बायका दहा नथी गुंफतात. नाक न टोचलेल्यांसाठी चापाची, ब्लाऊजवर लावायला पिनेची. जुनी माणसं नाक मुरडतात. मला त्यात खोट दिसत नाही: वेढा तोच आहे, आणि टोक मोत्याखालीच दडवतात.

आजीची नथ गेल्या वर्षी गौरी बसायच्या आदल्या दिवशी आकड्यापाशी तुटली. साठ वर्षं तीच जागा उघडायची नि मिटायची, मग आणखी काय होणार? सोनारकाकांनी चष्मा वर केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘कुठे झाळलेली नाही ना?’ नव्हती. मग त्यांनी वाटीत मऊ फडकं घातलं, मोत्याखालचं टोक हुडकून काढलं आणि तार उलगडायला लागले. मोती एकेक करून वाटीत, माझ्यासमोर मोजून. तेवीस. दोन खडे. उरली ती वाकडीतिकडी तार, तीन ग्रॅमला थोडी कमी.

‘हिचीच करू,’ ते म्हणाले. ‘हीण काही नाही हिच्यात, शुद्ध करायचीसुद्धा गरज नाही.’

मोत्यांची वाटी त्यांनी लांब, फळीवर नेऊन ठेवली. मुशीत टाकणखाराची चिमूट पडली, तार पडली, ज्योत लागली आणि बघता बघता आजीची नथ हरभऱ्याहून लहान लखलखता थेंब झाली. थेंबाची कांडी झाली, कांडी जंतरात गेली. संध्याकाळी वाटी फळीवरून खाली आली. नव्या कण्यावर मोती गुंफून झाल्यावर कात्रीनं उडवलेलं नखाएवढं टोक उरलं, ते त्यांनी गुलाबी कागदात पुडी बांधून नथीबरोबर माझ्या हातात दिलं.