स्लॅबमध्ये गेलं म्हणजे नाणं थांबलं का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय टोनिंग, म्हणजे नाण्यावर काळाबरोबर चढत जाणारा रंग. त्यातही ग्रेडिंग झालेल्या नाण्यांवरचा. हा विषय घ्यायचं कारण असं की एकच प्रश्न सारखा येतोय: "ग्रेडिंग करून आणलं, स्लॅबमध्ये बंद झालं, आता काळजी मिटली ना?"

मलाही तसंच वाटायचं. ऐका काय झालं ते.

आजीच्या गाठोड्यातून माझ्या वाट्याला दोन राणीछाप रुपये आले. दोन्ही १९०१ सालचे, दोन्ही जवळपास न वापरलेले. कॉलेजात असताना लक्ष्मीपूजनाला ठेवायचा म्हणून त्यातला एक मी चिंच लावून आणि भांड्यांच्या पावडरीने घासून लख्ख केला. आजी म्हणाली होती, "अरे, काळी पडते म्हणजे खरी चांदी आहे, राहू दे की." ऐकलं नाही. पुढे नाण्यांचा नाद लागल्यावर दोन्ही ग्रेडिंगला पाठवले. न घासलेला आला एमएस ६२ होऊन. घासलेल्याला आकडाच मिळाला नाही. लेबलवर फक्त 'डिटेल्स' आणि 'क्लीन्ड' असा शेरा. एका संध्याकाळच्या हौसेची किंमत तिथे कळली.

पण आजची गोष्ट दुसऱ्या नाण्याची आहे. एमएस ६२ हातात आल्यावर मी निर्धास्त झालो. स्लॅब खाकी पाकिटात घातला, पाकिटाला रबरबँड लावला आणि कोकणातल्या घरी लाकडी कपाटात ठेवून दिला. पाच पावसाळे गेले. बाहेर काढला तेव्हा पांढऱ्याशुभ्र रुपयाच्या कडेला सोनेरी झाक आली होती आणि एका बाजूला ती निळसर-करड्याकडे झुकत होती. पुण्यातल्या एका प्रदर्शनात एका जुन्या व्यापाऱ्यांना दाखवला. मी लेबलवर बोट ठेवून एमएस ६२ म्हणतोय आणि ते भिंगातून नाणंच बघतायत. शेवटी म्हणाले, "दादा, लेबल त्या दिवसाचं आहे. नाणं आजचं आहे."

आजच्या भागाचा सगळा मुद्दा या वाक्यात आहे.

ग्रेड म्हणजे काय? १ ते ७० च्या मोजपट्टीवर दिलेलं मत. ६० च्या वर म्हणजे चलनात न फिरलेलं नाणं. ते मत दिलं त्या दिवशी नाणं जसं होतं तसं ते असतं. स्लॅबमुळे बोटांचे ठसे, ओरखडे आणि अदलाबदल यांपासून संरक्षण मिळतं. पण नेहमीचा स्लॅब पूर्ण हवाबंद नसतो. हवा हळूहळू आत जाते. तिच्यासोबत दमट वाफ जाते आणि गंधकाचे वायूही जातात.

आता रंग कुठून येतो? चांदीचं गंधकाशी जुळतं. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडशी संयोग झाला की पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. दमटपणा असला की हे काम जोरात होतं. सुरुवातीला हा थर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. पावसाळ्यात पेट्रोल पंपापाशी ओल्या रस्त्यावर तेलाचे रंग बघितलेत ना? तेलात रंग नसतो. पातळ थराच्या वरून आणि खालून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो, त्यातून रंग दिसतो. नाण्यावरही तेच होतं. थर वाढतो तसा रंग बदलतो. आधी फिकट सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा. पुढे पुन्हा पिवळे, गुलाबी, हिरवे पट्टे आणि शेवटी काळपट. हा क्रम लक्षात ठेवा. गंधक लावून किंवा भाजून रंगवलेल्या नाण्यांवर बऱ्याचदा हा क्रम तुटलेला दिसतो. रंग वरवर तरंगल्यासारखा वाटतो, एकीकडून दुसरीकडे सावकाश उतरत जात नाही. अशा नाण्यांना ग्रेडिंग कंपन्या साधा आकडा देत नाहीत, रंग संशयास्पद असल्याचं लेबलवर लिहितात.

मग टोनिंग वाईटच का? अजिबात नाही. अमेरिकेतल्या मॉर्गन डॉलरचं उदाहरण घ्या. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलेलं हे नाणं, ९० टक्के चांदी. लाखो नाणी एकेका हजाराच्या कापडी पिशव्यांत सरकारी तिजोऱ्यांत अनेक दशकं पडून होती. पिशवीच्या कापडाला चिकटलेल्या नाण्यांवर कापडातल्या गंधकाने इंद्रधनुष्य उमटलं. जिथे दुसरं नाणं वर टेकलेलं होतं तिथे चंद्रकोरीसारखा भाग पांढरा राहिला. अशी काही नाणी आज त्याच ग्रेडच्या पांढऱ्या नाण्यापेक्षा कितीतरी जास्त किमतीला जातात. म्हणजे रासायनिक क्रिया तीच. ती किती सावकाश झाली आणि कुठे थांबली यावर सौंदर्य की नुकसान ते ठरतं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. हा थर बाहेरून येऊन बसलेली धूळ नाही. तो नाण्याच्या स्वतःच्या चांदीतून बनलेला असतो. डिप नावाच्या द्रावणात बुडवून तो काढला की तेवढी चांदीही जाते. नाणं पाडताना धातू ताणला जातो, त्याच्या बारीक रेषांमुळे ती फिरती झळाळी येते. एकदा-दोनदा डिप केलं की त्या रेषा बोथट होतात. नाणं पांढरं दिसतं, पण निर्जीव. म्हणून स्लॅब फोडून, साफ करून, पुन्हा पाठवू असा विचार मनात आला तर आधी माझा चिंच लावलेला रुपया आठवा.

धातूप्रमाणेही फरक पडतो. राणीच्या रुपयात ११.६६ ग्रॅम वजन आणि सुमारे ९१.७ टक्के चांदी. १९४० पासून रुपयात चांदी निम्म्यावर आली आणि तांबं ४० टक्के झालं. त्यामुळे सहाव्या जॉर्जच्या या रुपयांवर रंग वेगळा, बऱ्याचदा मळकट तपकिरी चढतो. शुद्ध तांब्याची तर आणखीच नाजूक गोष्ट. त्याला लाल, लाल-तपकिरी आणि तपकिरी अशा वेगळ्या पायऱ्या देतात आणि लाल टिकवणं सगळ्यात कठीण. पीसीजीएसने २०१० पासून ग्रेड केलेल्या तांब्याच्या नाण्यांच्या रंगाची हमी देणंच बंद केलं. खुद्द ग्रेडिंग करणारे हमी देत नसतील तर आपण स्लॅबवर किती विसंबायचं?

आता कामाचं बोलू. साठवण कशी करायची?

पहिलं, रबरबँड बंद. रबरात गंधक असतं. खाकी पाकीट, वर्तमानपत्र, साधा पुठ्ठा, लोकरीचं कापड, प्लायवूडचा ताजा खण, सगळं नाण्यांपासून लांब.

दुसरं, स्लॅब घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणारी जेल मिळते. ओल धरल्याचा रंग आला की पुड्या बदला किंवा वाळवा. बँकेच्या लॉकरमध्येही हेच करा, लॉकर कोरडाच असेल असं धरू नका.

तिसरं, जागा. स्वयंपाकघराला लागून नको, देवघराच्या धुरात नको, पत्र्याखालच्या माळ्यावर नको. घरात सगळ्यात कोरडी आणि कमी तापणारी जागा शोधा.

चौथं, सुटी नाणी मऊ पीव्हीसी पाकिटांत ठेवू नका. पाकिटाला नव्या रेनकोटसारखा वास येत असेल तर समजून जा. त्यातून कालांतराने हिरवट चिकट थर सुटतो आणि धातू खातो. तो दिसला तर शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणं बुडवून ठेवायचं, घासायचं नाही. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस पेटलेला नको. नेलपॉलिश काढायचं द्रावण चालत नाही, त्यात रंग आणि सुगंध मिसळलेले असतात. हिरवा थर तसाच ठेवून ग्रेडिंगला पाठवू नका, स्लॅबमध्ये तो पुढे वाढतच राहतो.

पाचवं, दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी, त्याच दिव्याखाली, त्याच कोनातून फोटो काढा. मी दिवाळीच्या साफसफाईत काढतो. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की दिसतो.

माझ्या रुपयाचं काय झालं? मी तो फोडला नाही, साफही केला नाही. डबा बदलला, जागा बदलली, रबरबँड फेकला. गेल्या तीन दिवाळ्यांचे फोटो सारखेच आहेत. कडेचा निळा तिथेच थांबलाय. कुणी विकत घ्यायला आलं तर मी आता लेबल दाखवत नाही, आधी नाणं दाखवतो आणि पाच पावसाळ्यांची गोष्टही सांगतो.

तुमच्याकडे स्लॅब असतील तर या रविवारी बाहेर काढा. लेबल अंगठ्याने झाका आणि फक्त नाणं बघा. कडेला काही दिसलं तर फोटोसह कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोवर नाणी कडेनेच धरा. भेटू!