इंजिनिअर, जरा समजेल असे बोला!

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागले, की गोदावरी ओलांडल्यावर थोड्याच वेळात विष्णुपुरी येते. एकेकाळचे हे साधे नदीकाठचे गाव. पण नदीवर उपसा सिंचनाचा प्रकल्प झाला, १९८१ साली गुरु गोबिंदसिंघजींच्या नावाने इंजिनिअरिंग कॉलेज निघाले, १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि गावाची ओळखच पालटली. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत मुखेड, देगलूर, अहमदपूर, वसमत अशा ठिकाणांहून आईवडील मुलांना घेऊन येथे येतात. त्यांचे प्रश्न दोनच असतात. पहिला, नोकरी लागेल ना? आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून विचारलेला, 'पोराचं इंग्रजी कच्चं आहे हो, कसं निभायचं?'

या परिसरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना मी तांत्रिक संवाद आणि उद्योजकता हे विषय शिकवतो. पालकांच्या मते पहिला विषय म्हणजे फाडफाड इंग्रजी आणि दुसरा म्हणजे बँकेचे कर्ज. दोन्ही समजुती खऱ्या नाहीत. शिवाय हे दोन विषय निराळे नसून एकाच कामाची दोन टोके आहेत, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

एक उदाहरण सांगतो. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या वडिलांचे तालुक्याच्या गावी मोटार रिवाइंडिंगचे दुकान. मोटार का जळते, हे इंग्रजीतून सांग म्हटल्यावर तो उभा राहिला आणि घामाघूम झाला. मी म्हटले, मराठीत सांग. मग त्याची गाडी अशी सुटली! तीनपैकी एक फेज गेला तरी चालू मोटार फिरतच राहते, उरलेल्या दोन फेजवर भार येतो, करंट वाढतो, वायंडिंग तापते आणि वरचे इन्सुलेशन करपते. शेतकऱ्याला वाटते मोटार चालू आहे, आणि इकडे ती आतून जळत असते. सगळा वर्ग कान देऊन ऐकत होता. मग तेच त्याला छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहायला लावले. एका वाक्यात एकच गोष्ट, आणि अगोदर कारण, मग परिणाम. पाऊण तासात त्याने एक पान लिहिले. त्यात व्याकरणाच्या चुका होत्या, पण न समजण्यासारखे एकही वाक्य नव्हते. ज्याला 'आपल्याला बोलता येत नाही' असे पहिल्या वर्षापासून वाटत होते, त्या मुलाला बोलता येत होतेच. त्याला तसे कोणी सांगितले नव्हते, इतकेच.

आजीला समजेल असे

दरवर्षी पहिला गृहपाठ मी ठरलेला देतो. कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर असलेला उपसा सिंचन प्रकल्प आपल्या आजीला समजेल असा एका पानात लिहायचा. मुले जोरात सुरुवात करतात. हेड, डिस्चार्ज, एफिशियन्सी असे शब्द पहिल्याच ओळीत येतात. मग मी विचारतो, आजीला काय हवे आहे? तिला एवढेच जाणून घ्यायचे असते, की नदी भरलेली असताना शेतात पाणी का येत नाही. येथे गोदावरीचे पात्र खोल आहे आणि शेते उंचावर आहेत. धरणाच्या कालव्यात पाणी उताराने आपोआप वाहते. येथे ते पंपांनी अगोदर वर चढवावे लागते. वीज नाही तर पाणी नाही. हे चार ओळींत लिहिता येते, पण त्या चार ओळींपर्यंत यायला हुशार मुलांनाही दोन आठवडे लागतात. कारण सोपे लिहायचे तर आपल्याला नक्की काय कळले आहे, हे आधी तपासावे लागते. अवघड शब्दांच्या आडोशाला अर्धवट ज्ञान सुखाने नांदते.

नांगर विकला कसा गेला?

उद्योजकतेच्या तासाला मी मुलांना अमेरिकेतल्या गॅरेजच्या गोष्टी सांगत नाही. आपल्याकडे त्याहून जुनी आणि जवळची गोष्ट आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक ड्रॉइंग शिकवणारे मास्तर. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले, भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवले आणि पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर बनवू लागले. नांगर चांगला होता, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. सुरुवातीचे नांगर दोन वर्षे पडून राहिले, असे सांगतात.

मुलांना मी येथे थांबवतो आणि विचारतो, अडचण कुठे होती? पोलादात की आकारात? अडचण शेतकऱ्याच्या मनातल्या एका शंकेत होती, आणि ती शंका ड्रॉइंग बोर्डावर दिसत नाही. १९१० साली औंध संस्थानात कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेथून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. पुढे मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या वाचल्या गेलेल्या 'किर्लोस्कर' मासिकाचे मूळ ते हे. कारखान्याने आपल्या गिऱ्हाइकांशी आणि विक्रेत्यांशी त्यांच्याच भाषेत बोलण्यासाठी काढलेले हे पत्र. नांगर तयार करणे हे जसे काम आहे, तसे तो समजावून सांगणे हेही कामच आहे, हे त्या कारखान्याने शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

मोंढ्यातला धडा

आमच्या काही विद्यार्थ्यांनी सोयाबीनमधला ओलावा मोजणारे स्वस्त मीटर बनवायचे ठरवले. विषय जिव्हाळ्याचा. सरकारी खरेदीला १२ टक्क्यांची मर्यादा असते; २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली होती. मुलांनी सर्किट जुळवले, आकडा दिसू लागला. मी म्हटले, आता पुढची वायर जोडण्याआधी मोंढ्यात जा, आणि मीटर पिशवीतून बाहेर काढू नका. फक्त ऐका.

दुपारी परतले तेव्हा चेहरे पडलेले होते. एका वयस्कर शेतकऱ्याने त्यांना सांगितले होते, की दाणा दाताखाली धरला की ओल किती ते आम्हाला कळते. पण आमचे मानतो कोण? मुलांना वाटले, आपला प्रकल्पच बुडाला. मला वाटले, प्रकल्प आता कुठे सुरू झाला. त्या शेतकऱ्याला मोजमाप नको होते, दोघांनाही मान्य होईल असा आकडा हवा होता. म्हणजे मीटरचा आकडा घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला एकाच वेळी दिसला पाहिजे, त्याची पावती निघाली पाहिजे आणि वजनकाट्यावर सरकारी शिक्का असतो तसा या आकड्याच्या पाठीशी कोणाचा तरी अधिकार उभा राहिला पाहिजे. मुलांनी आराखडा नव्याने काढला. ते मीटर अजून बाजारात आलेले नाही, येईलच असेही नाही. पण विचारल्याशिवाय बनवायचे नाही, हे ती मुले आता विसरणार नाहीत.

भाषेचा प्रश्न

हे सगळे मराठीत की इंग्रजीत, असे मला नेहमी विचारतात. मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली हैदराबादला सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानापासून इंजिनिअरिंगपर्यंतचे शिक्षण उर्दूतून मिळे, आणि त्यासाठी पुस्तकांच्या भाषांतराची वेगळी यंत्रणा उभारली होती. २०२१ पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी मिळाली आहे. मला दोन्ही भाषा हव्यात. इंग्रजी नसेल तर पुण्या-बंगळूरची दारे किलकिलीच राहतात, हे खरे आहे आणि ते मुलांपासून लपवण्यात अर्थ नाही. पण मराठी सुटली तर मोंढ्याचे दार बंद होते. 'ठिबक' हा शब्द पाहा. पाणी कसे पडते ते त्या एका शब्दात आहे. शेतकऱ्याने तो विनातक्रार उचलला, आणि यंत्राची निम्मी माहिती शब्दानेच सांगून टाकली.

येथून दरवर्षी शेकडो मुले पदवी घेऊन बाहेर पडतात आणि बरीचशी पुण्याची गाडी धरतात. जाऊ द्यावे त्यांना. परंतु हळद शिजवताना लागणारे सरपण, डाळ मिलमधली धूळ, केळीची नासाडी या आपल्या अडचणींकडे पाहणारी काही मुले तरी येथे राहिली पाहिजेत. ती राहतील ती भाषणांनी नव्हे. आपल्या माणसांची अडचण आपल्याला समजते आणि तिचे उत्तर आपण त्यांना समजावू शकतो, एवढा विश्वास त्यांना वाटला तर राहतील.

या कामात घरच्यांचाही हात लागतो. तुमचा मुलगा किंवा मुलगी सुटीत घरी आली, की मार्क विचारण्याआधी, या महिन्यात काय शिकलीस ते मला सांग, असे म्हणून पाहा. 'तुम्हाला नाही कळणार' हे उत्तर मुळीच ऐकून घेऊ नका. चहाचा कप पुढे ठेवा आणि म्हणा, मला वेळ आहे, कळेपर्यंत सांग.